फेटियाची उलटी बाजू

बुलढाणा जिल्ह्यातला माणूस तालुक्याचं नाव सांगायच्या आधी आपण घाटाखालचे की घाटावरचे, ते सांगतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद घाटाखाली. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा घाटावर. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, कपाशीची जमीन. वर मुरमाड, उताराची रानं, आणि त्या रानांच्या कडेनं, गावापासून थोडं अंतर राखून वसलेले बंजाऱ्यांचे तांडे. या पुस्तकाचा विषय असलेला पोशाख त्या तांड्यांतल्या बायांचा आहे. फेटिया म्हणजे मोठ्या घेराचा घागरा, कांचळी म्हणजे पाठीवर कसांनी बांधायची भरलेली चोळी, आणि छाटिया म्हणजे डोक्यावरून घ्यायची लांब ओढणी.

हा पोशाख रोजच्या अंगावर पाहायचा तर आता म्हाताऱ्या बायाच शोधाव्या लागतात. तरुण मुली तीजेला घालतात, १५ फेब्रुवारीला संत सेवालाल महाराजांच्या जयंतीच्या मिरवणुकीत घालतात, आणि तोही बहुधा तयार आणलेला असतो. दुसरीकडे नवरात्र जवळ आलं की पुण्या-मुंबईच्या दुकानांत ‘बंजारा घागरा’ दर्शनी टांगला जातो. यंत्रावर भरलेला, चकचकीत प्लॅस्टिकच्या टिकल्या चिकटवलेला. दोन रात्री गरबा झाला की टिकल्या गळू लागतात, पण तोवर त्याचं काम झालेलं असतं. त्या घागऱ्यावर रागावण्यात अर्थ नाही. सणापुरता कपडा सणापुरताच टिकला, तर त्यात फसवणूक कसली? माझी तक्रार वेगळी आहे. जुन्या कापडावरून नवं काही करायला निघालेले जाणते लोकही, शिकलेले डिझायनरसुद्धा, बहुतेक वेळा या पोशाखाची फक्त सुलटी बाजू पाहतात. रंग उचलतात, आरसा उचलतात, त्रिकोण-चौकोन उचलतात. कापड उलटं करून पाहत नाहीत.

उलटं करून पाहिलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की जुन्या फेटियात शोभा आणि मजबुती ही दोन निराळी कामं नाहीत. नाडी ओढली जाते तो नेफा, चालताना जमिनीला आणि काट्याकुट्याला घासणारी लावण, हात उचलला की ताणली जाणारी कांचळीची शिवण: टाका सगळ्यांत दाट इथंच. दोन-तीन पदर एकावर एक घेऊन आधी धावदोऱ्यानं पक्के करायचे आणि मग त्या पक्क्या जमिनीवर नक्षी उभी करायची. नक्षी काढून टाकली तर कापड नुसतं भुंडं दिसणार नाही, ते फाटेल. पुढची सगळी प्रकरणं या एका गोष्टीभोवती फिरतात आणि पुस्तकाच्या दुसऱ्या भागातला नवा पोशाख बेततानाही तीच कसोटी धरली आहे.

कापडाला एवढी मजबुती का लागावी, याचं उत्तर रस्त्यात आहे. बैलगाडीचे धड रस्ते नव्हते तेव्हा या देशातलं धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून फिरत होतं, आणि ते फिरवणारे बंजारे होते. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात प्रवास करत होता. वाटेत भेटलेल्या एका तांड्यात धान्यानं लादलेले १४,००० बैल असल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. त्यानंतर आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये सांगतो की दहा-बारा हजार बैलांचा तांडा समोरून आला तर प्रवाशाला तो ओलांडून जाईपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबावं लागे. वऱ्हाडच्या बंजाऱ्यांवर १८८२ साली कंबरलेज नावाच्या इंग्रज पोलीस अधिकाऱ्यानं एक टिपण लिहिलं. त्यात तांड्यांनी सांगितलेली हकीकत आहे: १६३०च्या सुमाराला शाहजहानचा वजीर आसफखान दख्खनच्या स्वारीवर आला, त्याच्या फौजेला रसद पुरवत भंगी आणि जंगी नाईक १,८०,००० बैल घेऊन दक्षिणेत उतरले. आकड्याबद्दल हुज्जत घालता येईल. पण फौजेपाठोपाठ तांडा आणि तांड्यापाठोपाठ बाजार हा क्रम खरा होता, आणि वऱ्हाडातून दख्खनकडे जाणाऱ्या वाटा घाट चढूनच जात होत्या. त्या वाटेवरचं मेहकर अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात एका सरकारचं ठाणं होतं.

मेहकरचं नाव इथं आणखी एका कारणासाठी घ्यायला हवं. पैनगंगेकाठचं हे गाव विणकरांचं होतं. इथले मोमीन विणकर एके काळी इतके सधन होते, की गावाभोवतीचा तट त्यांनी आपल्या खर्चानं बांधून घेतला आणि मोमिनांच्या वेशीवर तसा लेख कोरला, अशी नोंद गॅझेटिअरमध्ये आहे. पुढं पेंढाऱ्यांनी गाव लुटलं आणि १८०३च्या दुष्काळानं उरलंसुरलं संपवलं. तरी मेहकरच्या हातमागाच्या धोतरांची ख्याती त्यानंतरही बरीच वर्षं होती. बंजारा बाई स्वतः विणत नाही. तिला कापड लागतं ते विणकराकडून, दोरा रंगवलेला लागतो तो रंगाऱ्याकडून, आरसा आणि कवड्या लागतात त्या बाजारातून. फेटिया ‘एका जमातीची कला’ म्हणून काचेच्या पेटीत ठेवला जातो, तेव्हा हा सगळा व्यवहार पुसला जातो. घाटावरच्या या पोशाखात मोमिनाचा माग आहे, निळाऱ्याची नीळ आहे, गुजरातची काच आहे, मालदीवच्या समुद्रातून पिढ्यान्‌पिढ्या येत राहिलेली कवडी आहे. हे सगळं एकत्र आणणारा हात बंजारा बाईचा, आणि तिच्या हाती ते पडलं ते तिच्या घरच्यांचा धंदाच वाहतुकीचा होता म्हणून.

ताव्हर्नियेच्या वर्णनातली आणखी एक जागा मला फार मोलाची वाटते. या बाया कमरेखाली पांढरं किंवा रंगीत कापड पाच-सहा वेढे देऊन नेसतात, असं तो लिहितो. कमरेच्या वर त्यांनी अंगावर फुलं गोंदवून घेतलेली असतात आणि ती मुळ्यांच्या रसानं अशी रंगवलेली असतात, की कातडी फुलांच्या कापडासारखी दिसावी. भरलेल्या कांचळीचा उल्लेख तो करत नाही. एका परदेशी माणसाच्या नजरेवरून त्या काळी कांचळी नव्हतीच असं म्हणणं उतावीळपणाचं होईल. पण आज आपण ‘प्राचीन, अपरिवर्तित’ म्हणून ज्याच्यासमोर हात जोडतो, तो पोशाख काळाबरोबर बदलत आला आहे, एवढं यातून नक्की कळतं. फेटियाच्या घेराला मारवाड-गुजरातच्या घागऱ्याशी नातं आहे. खानदेश-निमाडाकडच्या जुन्या तुकड्यांवर कापडाचे धागे मोजून घातलेले फुलीचे टाके इतके घट्ट बसवलेले असतात, की खालची जमीन दिसत नाही. दक्षिणेला जावं तसा आरसा, कवडी, नाणं वाढत जातं. बुलढाणा या दोहोंच्या मधल्या वाटेवर पडतो. त्यामुळं ‘शुद्ध बुलढाण्याचा नमुना’ असं काही या पुस्तकात शोधू नये.

मग आगगाडी आली. भुसावळहून निघालेला लोहमार्ग घाटाखालून, मलकापूर-नांदुरा-शेगाव करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा खास कापसासाठी सुरू झाला आणि त्याच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. खामगावच्या इतिहासात हा सोन्याचा दिवस म्हणून सांगितला जातो, आणि त्या बाजारपेठेपुरतं ते बरोबरही आहे. पण ज्या मालाला पूर्वी हजारो बैल लागत, तो आता डब्यांत भरला जाऊ लागला. लगेच पुढच्या वर्षी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १९११ आणि १९२४ मध्ये तो देशभर पसरला आणि बंजाऱ्यांचे अनेक गट त्याच्या यादीत गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ती यादी रद्द झाली. महाराष्ट्रात बंजारे आज विमुक्त जातींत मोडतात ते यामुळं. पोटाचा धंदा गेला आणि पाठीमागं पोलिसाचा पहारा लागला. अशा काळात दुरून ओळखू येणारा, उन्हात लखलखणारा पोशाख अंगावर वागवणं काय असेल, याचा विचार पोशाखावर लिहिणाऱ्यांनी फारसा केलेला नाही. पुरुषांनी धोतर-फेटा स्वीकारला आणि ते चारचौघांत मिसळले. बायांनी मात्र पुढच्या तीन-चार पिढ्या फेटिया-कांचळी सोडली नाही. याला कुणी निष्ठा म्हणेल. मला त्यात तेवढीच सक्तीही दिसते: घराण्याची ओळख सांभाळायचं ओझं बाईच्या अंगावर टाकायचं आणि आपण मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची जुनी सोय आहे.

आता थोडं टाक्यांकडे. आरसा कापडावर कसा बसतो, एवढं एक उदाहरण घेऊ. या आरशाला भोक नसतं. गुजरातेत कपडवंजला काचेचा मोठा फुगा फुंकून आतून चकाकी देत आणि मग तो फोडून तुकडे करत. जुन्या आरशांना किंचित बाक असतो तो त्यामुळं. तुकडा कापडावर अंगठ्यानं दाबून धरायचा. सुई खालून काढून काचेवरून एक आडवा धागा, समोर दुसरा, मग दोन उभे, जिथं आडव्याला भेटतील तिथं गुंतवून. काचेवर धाग्यांची चौकट तयार होते. पुन्हा तिरक्या दिशेनं तसंच. मग त्या चौकटीत सुई घालायची, ती कडेकडे ओढायची, कापडात एक टाका घ्यायचा, पुन्हा चौकटीत. असं गोल फिरत गेलं की चौकट ताणून कडेला जाते आणि काचेभोवती दोऱ्याचा भक्कम गोट तयार होतो. पहिले धागे सैल पडले तर काच निसटते. फार ताणले तर कापडाला चुण्या पडतात. शिकणाऱ्या मुलीचं काम तपासताना जाणती बाई आरशाकडे पाहतच नाही. ती कापड उलटं करते आणि मागच्या बाजूला चार टाके एकसारखे पडलेत का, ते बोटानं चाचपते.

टाक्यांची नावं सगळीकडे एकच नाहीत. कर्नाटकातल्या संडूर इथल्या लंबाणी (बंजाऱ्यांना तिकडे लंबाणी म्हणतात) भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात चौदा प्रकार नोंदवले गेले आहेत: किलन, वेले, बक्या, माकी, सूर्यकांती माकी, कांस, तेरा दोरा, कवडी, रेलो अशी त्यांतली काही नावं. तांडे बदलले की नावं बदलतात आणि हातही बदलतो, म्हणून ती यादी इकडच्या कामावर जशीच्या तशी लावलेली नाही. जिथं टाक्याचं नाव एकमतानं सांगता आलं नाही, तिथं नाव न देता फक्त आकृती दिली आहे. संडूरच्या बायांनी जे साधलं, त्याचं महत्त्व मात्र नावांपलीकडचं आहे. २०२३ मध्ये हंपीला जी-२० ची सांस्कृतिक बैठक भरली तेव्हा साडेचारशेहून अधिक लंबाणी बायांनी भरलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. विक्रमाचं मला फारसं कौतुक नाही. पण तिथं एक कलाकेंद्र आहे, मानांकन आहे, ग्राहक आहे. आपल्याकडे शेजारच्या वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय उभं राहिलं, ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. आठवण जपायची जागा झाली, हे चांगलंच झालं. भरणाऱ्या हाताला वर्षभर काम देणारी जागा मात्र घाटावर अजून व्हायची आहे.

पोशाख सुटला कसा, याबद्दलही मोकळेपणानं बोलायला हवं. ‘नव्या पिढीला संस्कृतीची किंमत नाही’ हे वाक्य व्यासपीठावरून फार ऐकू येतं, आणि ते बोलणारे सहसा पॅण्ट-शर्टात असतात. फेटिया जड असतो. हातावर कोपरापासून वर चढवलेला चुडा, डोक्यात विवाहितेची घुगरी-टोपली, पायात वांकडी, गळ्यात हांसळी आणि वर नाणी लावलेली कांचळी: हे सगळं अंगावर घेऊन उसाच्या फडात कोयता चालवून दाखवावा. मराठवाड्याला लागून असलेल्या तांड्यांतली कितीतरी जोडपी दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला बाहेर पडतात. तिथं साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट हाच पोशाख आहे. शाळेत पोरी पोरींना चिडवतात, बसमध्ये लोक वळून पाहतात, दवाखान्यात नर्स आधी आवाज चढवते आणि मग विचारते. बायांनी साडी नेसायला सुरुवात केली ती विचार करून केली. त्यांच्या त्या निर्णयाचा मान ठेवूनच जुन्या कापडाबद्दल बोलता येतं.

कांचळी जाते तेव्हा कापडाबरोबर आणखी एक गोष्ट जाते. मुलीच्या लग्नाचा पोशाख याडी भरायची, म्हणजे आई. मुलगी मोठी होत असताना, शेळ्या राखता राखता, दुपारच्या सावलीत, हाताला सुई लागलेली असायची आणि पोर शेजारी बसून शिकायची. डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळ आणि तिच्यामागं पाठीवर लोंबणारा भरलेला चौकोन, हळदी-सुपारीची कोथळी, बैलाच्या अंगावरची झूल, सगळं घरचंच. सासरी निघालेली मुलगी ढावलो गाते, म्हणजे रडत रडत माहेराला उद्देशून बोल लावते, तेव्हा तिच्या अंगावर आईचं काही वर्षांचं काम असायचं. बाजारात त्या कामाला भाव नव्हता, कारण ते विकायला केलेलंच नव्हतं. आणि नेमकं तेच काम आता बाजारात आहे. जुनी भरलेली कापडं फेरीवाले भांड्यांच्या किंवा थोड्या पैशांच्या बदल्यात नेतात. ती कापून त्यांच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, जॅकेटच्या पाठी होतात आणि गोव्याच्या हणजूणच्या बुधवारच्या बाजारापासून परदेशी दुकानांपर्यंत ‘व्हिन्टेज’ म्हणून विकल्या जातात. चार्लट क्वॉन आणि टिम मॅक्लॉक्लिन यांनी २०१६ मध्ये बंजारा वस्त्रांवर देखणं इंग्रजी पुस्तक केलं. त्यातली छायाचित्रं पाहताना पोटात कालवतं ते याच कारणानं. आपल्या घाटावरचं काम पाहायला आता परदेशी पुस्तक उघडावं लागतं.

म्हणून नवा पोशाख बेतताना पहिला नियम ठरला तो हा: जुना एकही तुकडा कापायचा नाही. मोजमाप घ्यायचं, आकृती उतरवायची, उलट्या बाजूचा फोटो घ्यायचा आणि कापड ज्या घरचं त्या घरी परत करायचं. दुसरा नियम भरणीच्या जागांचा. जुन्या फेटियात जिथं ताण, तिथं टाका. नव्या कुडत्यात ताणाच्या जागा कोणत्या? खांदा, गळ्याची फाट, बाहीचं तोंड, खिशाचं तोंड आणि दोन्ही बाजूंच्या चिरा. भरतकाम तिथंच ठेवलं आहे. छातीवरचा मोठा भरलेला पट्टा मुद्दाम गाळला. जुन्या कांचळीत तो फक्त शोभेचा होता, असं मी म्हणत नाही. दृष्ट लागू नये म्हणून आरसा असतो हे बाया सांगतात, आणि काही गोष्टी छान दिसतात म्हणूनही केल्या जातात. सगळ्याला उपयोगाची फूटपट्टी लावायचा हट्ट मीही सोडला आहे. पण तोच पट्टा आज प्रत्येक यंत्राच्या घागऱ्यावर आहे. हाताचं काम त्याच्याशेजारी ठेवलं की गिऱ्हाईक आधी किंमत विचारतं आणि मग हसतं.

जमिनीचं कापड जाड सुती घेतलं, दोन पदरी. आरसे खऱ्या काचेचे पण लहान आणि थोडे. दोरा सुतीच, झगझगीत ॲक्रिलिक लोकरीचा मोह टाळला, कारण पहिल्या धुण्यातच तिचे गोंडे होतात. लाल आणि निळा हे दोन रंग जुन्या तुकड्यांवरून घेतले. मोहरीपिवळा मात्र भरणाऱ्या बायांनी आग्रहानं घालायला लावला आणि त्यांचंच बरोबर ठरलं.

मजुरीचा प्रश्न उरतो आणि तो प्रस्तावनेत मांडून ठेवलेला बरा. भरतकामाचा भाव आपल्याकडे नगावर ठरतो. एका चोळीचे इतके, एका पिशवीचे इतके. नगावर भाव दिला की टाका विरळ होतो. हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. दाट टाका हवा असेल तर तासावर पैसे द्यावे लागतात, आणि तासावर पैसे दिले की कपडा महाग होतो. तो कमी बायांना परवडेल. ज्या तांड्यात तो भरला, तिथल्या बाईला तर नाहीच परवडणार. या पेचातून सुटका कशी करायची, याचं उत्तर या पुस्तकात नाही. शेवटच्या प्रकरणात प्रत्येक भागाला लागणारं काम टाक्यांच्या हिशेबानं मांडलं आहे, ते एवढ्यासाठी, की नमुना वापरणाऱ्यानं भाव ठरवताना समोरच्या बाईशी त्या पानावर बोट ठेवून बोलावं.

नमुने कसे वापरावेत, याबद्दल थोडं. पहिल्या भागात जुन्या फेटिया-कांचळीच्या आकृत्या आहेत. प्रत्येक डाव्या पानावर सुलटी बाजू, उजव्या पानावर उलटी. शिकायला बसणाऱ्यांनी उजव्या पानापासून सुरुवात करावी. दुसऱ्या भागात नव्या पोशाखाची कापणी आहे. मापं तीन दिली आहेत, तरी घेर आपल्या अंगावरून बेतावा. भरणाऱ्या बायांनी केलेले बदल वेगळ्या रंगात दाखवले आहेत. पाठ उघडी नको, अस्तर हवं. बाही कोपराखाली हवी. कपडा यंत्रात धुता आला पाहिजे. आणि उजव्या बाजूला मोबाइल मावेल एवढा खोल खिसा पाहिजे, ही त्यांची मागणी. खिशाच्या तोंडाशी तीन पदर घेऊन भरलेली पट्टी आहे. तिची आकृती पान उलटल्यावर लगेच सापडेल, कारण सगळ्यांत आधी तीच विचारली जाते.